बागेच्या नळाला चावीचं घड्याळ

बागेच्या नळाला बसवायचा चावीचा टायमर दिसायला अगदी साधा असतो. तळहातावर मावेल असा प्लास्टिकचा ठोकळा, मधोमध मोठं गोल बटण, बटणाच्या कडेने 120 पर्यंत मिनिटांचे आकडे. वर नळाला बसणारे आटे, खाली पाइप जोडायची चोच. बटण फिरवलं की आतली स्प्रिंग आवळली जाते, झडप उघडते, पाणी सुरू होतं. मग टिकटिक करत बटण आपलंआपण मागे येतं आणि शून्यावर आलं की पाणी बंद. सेल नाही, वायर नाही, मोबाइलचं ॲप नाही. नळ सोडायला माणूस लागतो, बंद करायला लागत नाही. आम्हाला नेमकं एवढंच हवं होतं.

आमचं घर नागपूरच्या प्रतापनगर भागात, तळमजला आणि वर गच्ची. अंगणात मोगऱ्याचा ताटवा, लिंबू, कढीपत्ता, पारिजातक. गच्चीवर तीसेक कुंड्या. नागपुरात मार्च सरता सरता ऊन चटका देऊ लागतं आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ऊन वर आल्यावर घातलेलं पाणी मुळांना कमी आणि हवेला जास्त मिळतं, म्हणून पाणी द्यायचं ते उजाडतानाच. हे काम वर्षानुवर्षं सासूबाईंनी केलं. पाइप मोगऱ्यात सोडायचा, तोवर दूध तापवायचं, पूजेची फुलं काढायची, कूलरची टाकी भरायची, मग येऊन पाइप लिंबात टाकायचा. सत्तरीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली, जिना चढणं-उतरणं होईना, आणि पाइप एकाच जागी जास्त वेळ राहू लागला. अंगणातल्या नळाखाली दहा लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरते. म्हणजे वीस मिनिटं लक्ष गेलं नाही तर 240 लिटर एकट्या मोगऱ्याला. टाकी आहे हजार लिटरची.

2019 चा जुलै नागपूरकर विसरलेले नाहीत. तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि ऐन पावसाळ्यात शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालून आम्ही त्या दिवसांत झाडं जगवली. बागेला पाणी द्यायचं तर मोजून द्यायचं, हे तेव्हाच मनाशी पक्कं झालं होतं. पण मोजायचं कसं, हे कळायला माझा धाकटा भाऊ यावा लागला. त्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, ठिबकवर. मी त्याला मोबाइलवर चार-पाच टायमरची चित्रं पाठवून यातला कोणता घेऊ म्हणून विचारलं, तर त्याने एकही पाहिलं नाही.

"टायमर मंग पाहू, ताई. टाकीतल्या पाण्यापासून नळ किती खाली आहे, ते सांग पहिले."

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. नळाला येणारा दाब टाकी किती मोठी आहे यावर ठरत नाही, टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. मी सुतळीला दगड बांधून गच्चीवरून खाली सोडला आणि टेपने सुतळी मोजली. टाकी लोखंडी स्टँडवर आहे. अर्ध्याहून थोडी अधिक भरलेली असताना पाणी गच्चीवरच्या नळापेक्षा दोन मीटर आणि अंगणातल्या नळापेक्षा साडेपाच मीटर वर. म्हणजे गच्चीवर 0.2 बार, अंगणात 0.55.

आता बाजारातले टायमर या आकड्यांपुढे ठेवून पाहिले. सेलवर चालणाऱ्या बऱ्याच टायमरमध्ये सोलेनॉइडची, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारी झडप असते. तिच्यात रबराचा एक पडदा असतो आणि तो पडदा जागेवर दाबून धरायचं काम पाणी स्वतःच्या दाबाने करतं. विजेचा झटका फक्त वाट उघडतो किंवा मिटतो. दाब कमी असला की पडदा नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. अशा टायमरच्या डब्यावर बहुधा किमान 0.5 बार लिहिलेलं असतं. अंगणात ते काठावर पास झालं असतं, गच्चीवर नापास. मोटरने चेंडूची झडप फिरवणारे टायमर कमी दाबावर चालतात, पण सेल संपत आलेत का हे पाहायचं कोणी? आणि आमच्याकडे पाणी सोडायला माणूस होताच. सासूबाई पहाटे उठतातच, बागेत येतातच. त्यांना पुन्हा येऊन नळ बंद करायला लागू नये, एवढंच हवं होतं.

चावीच्या टायमरमध्ये झडप बंद करायचं काम स्प्रिंगकडे असतं, पाण्याच्या दाबाकडे नसतं. तरी सगळे सारखे नसतात. काहींच्या माहितीतही 0.5 बार लिहिलेलं दिसलं, काहींवर आकडाच नव्हता. म्हणून मी बसवण्याआधी न्हाणीघरात तपासून घेतला. बादलीच्या बुडाशी जुना कूलरचा नळ बसवलेला होता, ती बादली स्टुलावर ठेवली, खाली टायमर जोडला आणि दहा मिनिटं लावली. जेमतेम अर्धा-पाऊण मीटर उंचीचं पाणी. धार बारीक होती पण सलग होती. शून्यावर येताना टक् असा स्पष्ट आवाज आला, धार तुटली, चोचीला लोंबकळणारा थेंब पडला आणि त्यानंतर कागद धरून बसले तरी कागद कोरडा. कमी दाबावर टायमर उघडतो की नाही यापेक्षा तो पूर्ण मिटतो की नाही, हे पाहणं फार महत्त्वाचं आहे.

त्याआधी आट्यांचं एक प्रकरण झालं. पहिला मागवलेला टायमर नळाच्या निपलवर दीड फेरा गेला आणि अडकला. टेफ्लॉन टेप गुंडाळून पाहिली, वायसर बदलला, गळती तशीच. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने टायमर हातात घेऊन आट्यांवर नख फिरवलं आणि सांगितलं, याची चाल वेगळी आहे. अमेरिकेतल्या बागेच्या नळांना पाऊण इंचाचेच पण इंचाला साडेअकरा आटे असतात. आपल्याकडे चालतात ते ब्रिटिश मापाचे, पाऊण इंचाला इंचामागे चौदा. तोंडाचं माप जुळल्यासारखं दिसतं, चाल जुळत नाही. विकणाऱ्याने "सर्व नळांना बसतो" असं लिहिलं होतं. तो परत केला आणि ब्रिटिश आट्यांचा, ज्यावर बीएसपी असं लिहिलेलं असतं, तो घेतला. आपल्या बागेतला नळ बहुतेक अर्ध्या इंचाचा असतो, त्यामुळे अर्ध्याला पाऊण करणारं पितळी जोडकाम वेगळं घ्यावं लागतं. प्लास्टिकचं घेऊ नये. टायमरचं वजन, पाइपची ओढ आणि रोज बटण फिरवताना बसणारा पीळ, हे सगळं त्या एका तुकड्यावर येतं.

मग खरा प्रश्न. टायमर मिनिटं मोजतो आणि झाडाला लागतात लिटर.

पाइप तसाच सोडून दहा मिनिटांचा टायमर लावता येतो, पण मग पाणी एकाच कुंडीला. म्हणून सोळा मिलिमीटरची काळी नळी गच्चीच्या कठड्याने फिरवली, पंचने भोकं पाडून प्रत्येक कुंडीला ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी छोटी तोटी, दिला. भावाकडे बागेतले ड्रिपर उरलेले होते, पण ते त्याने आणले नाहीत. ते दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे, आणि त्यांना नीट काम करायला मोटरचा दाब लागतो. गच्चीवर त्यांचा उपयोग नव्हता. साधे, उघडून धुता येणारे चार लिटरवाले घेतले. चार लिटर म्हणजे तासाला चार लिटर, पण कंपनी तो आकडा साधारण एक बार दाबाला धरून छापते. साध्या ड्रिपरचा हिशेब असा की दाब चौपट झाला की पाणी दुप्पट होतं. उलटं धरलं तर 0.2 बारला चारचा ड्रिपर तासाला 1.8 लिटर देणार, आणि 0.55 बारला तीनच्या आसपास.

हे गणित कागदावर ठेवून चालत नाही. स्वयंपाकघरातलं मोजपात्र मी ड्रिपरखाली धरलं आणि टायमर पंधरा मिनिटांवर लावला. गच्चीवर साडेचारशे मिलीच्या आसपास आलं, अंगणात पाऊण लिटरला थोडं कमी. गणित बरोबर निघाल्याचा आनंद तर झालाच, पण खरा उपयोग पुढे झाला. नळीच्या शेवटच्या टोकाचे ड्रिपर मोजले तेव्हा ते बरेच कमी देत होते. नळीचं शेवटचं टोक बंद न ठेवता ती गोल फिरवून सुरुवातीला जोडली, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी यायला लागलं, आणि फरक जवळपास गेला. कमी दाबावर ठिबक लावणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

बारा इंची कुंडीला मे महिन्यात दीड ते दोन लिटर लागतं, असा माझा अनुभव. कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी पाझरायला लागलं की पुरे. म्हणजे गच्चीसाठी साठ मिनिटं, रोज. फेब्रुवारीत तेवढीच मिनिटं एक दिवसाआड. ड्रममधल्या जास्वंदाला दोन ड्रिपर दिले, पुदिन्याच्या छोट्या कुंडीला दोन लिटरचा. वेळ सगळ्यांना एकच राहते, कमी-जास्त करायचं ते ड्रिपरच्या संख्येवर.

अंगणाचा हिशेब निराळा, कारण माती निराळी. कुंडीतली माती कोकोपीट आणि शेणखत मिसळलेली, मोकळी; पाणी सरळ खाली जातं. अंगणात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपने धो धो पाणी सोडलं तर ते भेगेतून खोल निघून जातं किंवा वर तुंबून वाहून जातं. हीच माती थेंबाथेंबाने मिळालेलं पाणी मात्र फार छान धरते. नव्वद मिनिटांनंतर खुरप्याने बाजूला उकरून पाहिलं तर वीतभर खोल आणि तेवढंच आडवं ओल गेलेली होती, वरचा थर मात्र हाताएवढ्या गोलापलीकडे कोरडा. म्हणून मोगऱ्याला नव्वद मिनिटं, पण दोन दिवस सोडून. लिंबाला चार ड्रिपर दिलेत. ते बुंध्याशी नाहीत, फांद्यांची सावली पडते त्या कडेने गोल, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात आणि बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळणारा रोग, धरतो. काटोलकडच्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला विचारा, तो हेच सांगेल. लिंबू आणि संत्रं एकाच कुळातली.

एकूण गच्चीला तासाला पन्नास-पंचावन्न लिटर जातं. पूर्वी अंगणातल्या एका ताटव्यात वीस मिनिटांत जायचं त्याच्या चौथाईपेक्षाही कमी, आणि तीस कुंड्या भिजतात.

सासूबाईंना टायमर पहिल्या दिवशीच आवडला. बटण मोठं आहे, बोटं वळत नसली तरी तळव्याने फिरतं. आकडे बारीक, चष्म्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून मी गच्चीच्या टायमरवर साठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सांगितलं, "आई, तुम्ही फक्त लाल ठिपक्यापर्यंत आणा." हा टायमर आम्ही जिन्याच्या तळाशी, खाली येणाऱ्या पाइपवर बसवला, म्हणजे त्यांना वर जावं लागत नाही. नळी तिथून पुन्हा वर जाते. पाणी खाली येऊन वर चढलं तरी दाबाचं नुकसान फारसं होत नाही, कारण हिशेब टाकीची पातळी आणि ड्रिपर यांच्यातल्या उंचीचा असतो. नळीच्या घर्षणात थोडं जातं तेवढंच. प्लंबरला हे पटवायला वेळ लागला. टिकटिक ऐकू येत असली म्हणजे बाग पाणी पिते आहे, हे आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

थोडी मिनिटं लावायची असतील तर बटण आधी अर्ध्या तासापर्यंत पुढे न्यायचं आणि मग मागे आणायचं. थेट पाचावर नेलं तर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही आणि शेवटी झडप मिटवायला जोर कमी पडू शकतो. वेळेच्या अचूकपणाबद्दल काळजी करू नये. माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर तासामागे चार-पाच मिनिटं इकडेतिकडे होतात. ठिबकला त्याने काही बिघडत नाही.

काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. बऱ्याच टायमरचं बटण शून्याच्या उलट बाजूला फिरवलं की झडप कायमची उघडी राहते. हाताने पाणी देण्यासाठी तशी सोय केलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने ते बटण उलटं फिरवलं. लहान मूल, फिरणारी गोष्ट दिसली की फिरवणारच. दुपारी घरात नळाला पाणी नाही, टाकी रिकामी, बाहेर 44 अंश. त्या दिवसानंतर मी टाकीलाच उपाय केला. बागेची तोटी टाकीच्या बुडाशी न ठेवता निम्म्या उंचीवर वेगळं भोक पाडून घेतली. आता टायमर अडकला, बटण उलटं राहिलं, नळी फुटली, काहीही झालं तरी टाकीतलं खालचं पाचशे लिटर पाणी घराचंच राहतं. दाबात काही फरक पडत नाही, कारण तोटी खाली असो की वर, पाण्याची पातळी तीच. टायमर कितीही चांगला घ्या, ही निम्म्या उंचीची तोटी असल्याशिवाय मी कोणालाही तो निर्धास्त वापरायला सांगणार नाही. चावीचं यंत्र मधेच अडलं तर झडप उघडी राहते, हा त्याचा खरा दोष आहे आणि तो मान्य करूनच ते वापरायला हवं.

दुसऱ्या उन्हाळ्यात अंगणातला टायमर शून्यावर येऊनही टपकत राहू लागला. नळाचं पाणी कमी पडतं तेव्हा आम्ही टाकीत बोअरचं चढवतो, आणि ते क्षाराचं आहे. तव्यावर सांडलं तरी पांढरा डाग राहतो. सीताबर्डीतल्या एका घड्याळजींकडे टायमर नेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून चार स्क्रू काढले. आत वरच्या कप्प्यात चपट्या पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग, प्लास्टिकची दातेरी चाकं आणि शेवटच्या चाकाला अडवून-सोडवून टिकटिक करणारी बारीक चिमटी. "ही तर गजराच्या घड्याळाचीच रचना आहे ताई, फक्त घंटेच्या जागी नळ," ते म्हणाले. त्यांना ते यंत्र मनापासून आवडलं. वरचा कप्पा कोरडा ठणठणीत, त्याला काही झालेलं नव्हतं. स्प्रिंगच्या दांडीवर एक खाच असलेली चकती होती; शून्यावर आलं की खालची पिन त्या खाचेत पडते आणि झडप मिटते. दोष खालच्या कप्प्यात होता. झडपेच्या रबरावर पांढरी पापडी बसली होती, अगदी नखाच्या टोकाएवढी, आणि तेवढ्याच फटीतून पाणी जात होतं. मशीनचं तेल टाकू का विचारलं तर त्यांनी ठाम नाही म्हटलं. प्लास्टिकच्या चाकांना तेल लागत नाही, उलट त्याच्यावर धूळ धरते.

खालचा भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला. पापडी निघून गेली, टपकणं थांबलं. ड्रिपरही तसेच धुते. टायमरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती दर पंधरवड्याला उघडून पाहते. टाकी धुतल्यावर तर त्याच दिवशी, कारण तळाचा गाळ आधी तिथेच येऊन बसतो. अंगणातल्या टायमरवर दुपारचं ऊन थेट पडत होतं, प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ होऊ लागलं होतं, म्हणून त्याच्यावर फुटक्या माठाची अर्धी खापर टांगली आहे.

मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की दोन्ही टायमर काढते. बटण शून्यावर आणून, आतलं पाणी झटकून, सावलीत वाळवून कपाटात. स्प्रिंग आवळलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवायची नाही. नळीची टोकं उघडून एकदा पूर्ण धारेने पाणी सोडते, म्हणजे साचलेला चिखल निघून जातो. दिवाळीनंतर परत बसवताना वायसर नवे घालते आणि मोजपात्र घेऊन चार-सहा ड्रिपरखाली पुन्हा पंधरा मिनिटं बसते, कारण वर्षभरात नळीत काय साठलं हे बाहेरून दिसत नाही. यंदा गच्चीवरच्या तीन ड्रिपरखाली साडेचारशेऐवजी तीनशेच मिली आलं. ते तिन्ही बदलले.